पाकोळ्या उडेपर्यंत

मार्लनेस, सफोक
३ मार्च

नेव्हिल,

अक्षर ओळखलं असशील. पाकीट फाडून टाकायच्या आधी एवढं वाच, की कुणी मेलेलं नाही, मला पैसे नकोत आणि मी बाबांची वकिली करायला बसलेली नाही. तुझा पत्ता शीलाच्या मावशीनं दिला. तिच्यावर चिडू नकोस. ती देईपर्यंत मी तिच्या ओट्यावर ठाण मांडून बसले होते. ती म्हणाली, इंग्लंडात समुद्रापासून सगळ्यांत लांब कुठलं गाव आहे ते नकाशात शोधून तुम्ही नवरा-बायकोनं तिथं घर घेतलंत. ऐकून मी मोठ्यानं हसले. घरी येताना मात्र बसमध्ये रडू आलं.

काम सांगते. या हिवाळ्यात कडा फार खचला. तुझा बंगला होता ती जागा, तिच्यामागचं शेत, शेतामागची पायवाट, सगळं गेलं. जानेवारीत चर्चच्या आवाराची समुद्राकडची भिंत गेली. आता कबरींची शेवटची ओळ आणि कडा यांच्यात एक गाय चरेल एवढंसुद्धा गवत उरलेलं नाही. त्या ओळीत आई आणि बाबा आहेत.

चर्चच्या रेव्हरंड जॅनिसबाई तू गेल्यानंतर आल्या. बाई पाद्री म्हणून बाबांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या लाकूडखोलीचं छप्पर फुकट शाकारून दिलं. त्या म्हणतात, शेवटच्या ओळीतल्या सगळ्यांना गावाच्या आतल्या अंगाला नव्या दफनभूमीत हलवायचं. चर्चची परवानगी मिळेल, पण त्यासाठी जवळच्या सगळ्या नातेवाइकांच्या सह्या लागतात. आपल्या घरात म्हणजे तू आणि मी. कागद सोबत आहे. जिथं पेन्सिलीनं फुली मारली आहे तिथं सही कर आणि परत पाठव. पाकिटावर तिकीट मीच लावलं आहे.

बाबांचं नाव काढलं की तुझा जबडा घट्ट होतो, ते मला इथून दिसतंय. मग बाबांचा विचार करू नकोस, आईचा कर. जन्मभर समुद्राकाठी राहून त्या बाईनं कधी घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही. आपण दोघं पोहायला उतरलो की ती वाळूत टॉवेल पसरून धरायची आणि आपण बाहेर येईपर्यंत आपली नावं ओरडत राहायची. सगळा किनारा हसायचा. अशा बाईला समुद्रात जाऊ द्यायचं का, एवढाच प्रश्न आहे.

थेल्मा


११ एप्रिल

नेव्हिल,

महिना उलटला. टपालखात्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, तेव्हा दोष कुणाचा ते उघड आहे.

खोदकाम करणारा माणूस ईस्टरच्या आधी यायला तयार होता. तुझा कागद नाही म्हणून त्याला नको म्हणावं लागलं. शेजारच्या कबरींतल्या लोकांच्या मुलांनी सह्या दिल्या, त्यांना हलवून झालंसुद्धा. त्या ओळीत आता नुसते बुजवलेले खड्डे आहेत आणि टोकाला आपले दोघं. जॅनिसबाईंनी मला परत विचारलं. मी म्हटलं, "भाऊ फार कामात असतो." तू काय काम करतोस हे मला ठाऊक नाही, ते त्यांना सांगायची लाज वाटली.

आणि आता कड्यात बिळं करणाऱ्या पाकोळ्या आल्यात. सोमवारी पहिली दिसली. नेहमीप्रमाणे दमलेली, मळकी, आफ्रिकेतून आली असं कुणी म्हटलं तर खरं वाटू नये अशी. हिवाळ्यानं कडा असा ताजा तासून ठेवलाय की त्यांची चंगळ आहे, आणि सगळा किनारा सोडून त्यांनी नेमकी चर्चच्या खालचीच वाळू पसंत केली आहे. अजून नुसती भोकं कोरताहेत. अंडी घालायच्या आत आपलं काम झालं तर झालं. नाहीतर शेवटचं पिल्लू उडेपर्यंत वरच्या जमिनीत कुदळ मारता येणार नाही, कारण वर मारली की खाली बीळ ढासळतं. हा कायदा मी तुला शिकवायला नको.

लेन कॅचपोल अजून मासे तळतो आणि अजून सगळ्यांची उणीदुणी काढतो. काल दुकानात चारचौघांत म्हणाला, "काय गं थेल्मा, तुझ्या बापानं, विल्फनं, कड्यावर कायदा आणून बसवला, आता तो त्याच्याच उशाशी आला की!" मी म्हटलं, "तू तुझं तेल बदल आधी." पण तोंडाला चव राहिली नाही. मासे तसेच गुंडाळून घरी आणले आणि मांजराला घातले.

सही कर रे. बाबांवर सूड घ्यायचा असला तर त्यांना आता काही कळत नाही. जे काही लागतंय ते मला लागतंय.

थेल्मा


९ मे

नेव्हिल,

कागद मिळाला. चिठ्ठी नाही, दोन शब्द नाहीत, नुसता कागद. सही शाळेत करायचास तशीच, शेवटच्या अक्षराला शेपूट. आणि बाबांच्या नावावर काट मारून बाजूला लिहिलंस, "फक्त आई".

मी तो चुरगाळून कोपऱ्यात फेकला. मग उचलून इस्त्रीनं सरळ केला, कारण तो शेवटी कामाचा कागद आहे.

तू बाबांच्या मातीला आला नाहीस म्हणून तुला माहीत नाही. कबर एकच आहे. आई गेली तेव्हा बाबांनी ती दुहेरी खोल खणून घेतली होती, इथं सगळेच नवरा-बायको घेतात तशी. आधी जाईल तो खाली, मागून येईल तो वर. बाबांच्या वेळेपर्यंत कडा बराच जवळ आला होता. त्यांना आतल्या बाजूची जागा घ्या म्हणून सांगितलं तर म्हणाले, "एनिड तिथं आहे, मग मी दुसरीकडे जाऊन काय करू?" तर आई खाली आहे आणि तिच्यावर बाबा आहेत. आईपर्यंत पोचायचं तर आधी बाबांना उचलावं लागतं. दुसरी वाट नाही. त्यांना उचलायचं, बाजूला गवतावर ठेवायचं, आईला घेऊन जायचं, आणि मग त्यांचं काय करायचं ते तू मला सांग. परत खड्ड्यात लोटायचं? हे मी जॅनिसबाईंना कुठल्या तोंडानं विचारू?

तशीही वेळ गेलीच आहे. परवा इमोजेन येऊन गेली. ती निसर्गखात्याची आपल्या भागाची अधिकारी. तू भांडलास त्यांच्यातली नव्हे, ती तेव्हा शाळेत असेल. भली मुलगी आहे. दुर्बीण लावून बराच वेळ बघत राहिली आणि मग माझा हात धरून म्हणाली, "थेल्मा, बसल्यात अंड्यांवर." आता ऑगस्ट संपेपर्यंत काही नाही. एप्रिलमध्ये कागद आला असता तर आईबाबा आज नव्या दफनभूमीत सफरचंदाच्या झाडाखाली असते.

नवा कागद पाठवते आहे. या वेळी काट मारू नकोस.

थेल्मा


द्वारा श्रीमती डॉरीन स्मी, मार्लनेस
२६ जून

प्रिय नेव्हिल,

पत्ता वेगळा दिसेल. मैत्रीण डॉरीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिला सोबत हवी म्हणून मी इकडे राहते. बाकी काही नाही.

तुझा पूर्ण कागद मिळाला, सोबत चार ओळीसुद्धा. त्या मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही, तू फुगशील. शीला गेल्या वर्षी गेली हे असं, "खोदणाऱ्याला आगाऊ सांगून ठेव" आणि "शीला गेली" हे एका ओळीत लिहितात का रे? मावशीनंही सांगितलं नाही. तू तरी कळवायचं होतंस. मी आले असते. माझं आणि तिचं कधी जमलं नाही, तरी आले असते.

आता तुझ्या सल्ल्याबद्दल. "भोकांत चिंध्या कोंब. वरून जाळी सोड. पक्षी जातील दुसरीकडे. बाबांसारखी वागू नकोस." असं लिहिलंस. आत पिल्लं आहेत, नेव्हिल. चिंध्या कोंबल्या तर ती जातील कुठं? गावात हे सुचवणारा तू पहिला नाहीस. लेननं तर जाळी काढूनसुद्धा ठेवली होती, त्याच्या बापाची जुनी. मी त्याला म्हटलं, टाकलीस तर इमोजेनला पहिला फोन मी करीन. तो म्हणाला, "बापाची बेटी शोभतेस!" हे त्यानं शिवी म्हणून म्हटलं.

बाबा गेल्यापासून खालची भोकं बघायचं काम माझ्याकडे आलंय. मी मागितलं नव्हतं. ते अंथरुणाला खिळले तेव्हा म्हणायचे, "जा, बघून ये, चर्चखालची आली का?" मी जायची, येऊन सांगायची, तेवढ्यानं त्यांना जेवण जायचं. ते गेल्यावर इमोजेनच्या खात्यानं विचारलं, बघत राहाल का? माझ्या तोंडून हो गेलं. आता कुठलं बीळ भरलेलं आणि कुठलं रिकामं, हे मी सांगते आणि ती मानते.

तू "बाबांसारखी" म्हणालास म्हणून लिहिते. तू घर वाचवायला टाकलेल्या भरावाच्या त्या सुनावणीला मीही होते. तू उभा राहून म्हणालास, "साहेब, माझ्या चार भिंतींपेक्षा तुम्हाला चिखलातला हत्तीचा दात मोठा का?" लोक हसले, आणि तुझा चेहरा पाहून गप्प झाले. मग बाबा उठले. लग्नाकार्याचा कोट घातला होता त्यांनी. म्हणाले, "नेव्हिल माझा मुलगा आहे. कड्याच्या पायाशी भराव त्यानंच टाकला, ट्रक मी मोजलेत. हा कडा ढासळतो म्हणून त्याच्यातली लाखो वर्षांची हाडं दिसतात आणि म्हणून पाकोळ्या येतात. थांबवला तर गवत उगवेल आणि सगळं संपेल. कायदा कड्याला राखत नाही, त्याच्या ढासळण्याला राखतो." एका दमात बोलले आणि बसले. त्यानंतर एका हिवाळ्यात तुझा भराव गेला आणि दुसऱ्यात घर.

मला तेव्हा तुझं पटलं होतं आणि त्यांचंही पटलं होतं. आजही दोन्ही पटतं. घर जाताना माणसानं हातपाय मारू नयेत असं मी कधीच म्हणणार नाही. विशेषतः आता तर नाहीच.

तब्येत सांभाळ. एकटा काय खातोस?

तुझी,
थेल्मा


द्वारा श्रीमती डॉरीन स्मी
१८ ऑगस्ट

प्रिय नेव्हिल,

रोज उकडलेली अंडी खातोस म्हणे! सोबत डंपलिंगची कृती लिहून पाठवते. शाळेच्या स्वयंपाकघरात मी पोरांना करून घालायची तीच, फक्त घरगुती मापानं. पीठ फार मळू नकोस. तुला सगळं फार मळायची सवय आहे.

पहिल्या विणीची पिल्लं केव्हाच उडाली. पण जागा एवढी चांगली मिळाली की बऱ्याच जोड्यांनी दुसरी वीण घातली. रोज थोडी थोडी भोकं रिकामी होताहेत. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात खोदणारा येतो म्हणालाय. मध्यंतरी इमोजेननं आपल्यासाठी खास परवानगी मागून पाहिली. वरून नकार आला, सभ्य भाषेत, दिलगिरी वगैरे. तो कागद मला दाखवताना तिचेच डोळे भरले होते. मीच तिला चहा करून दिला.

भीती एकच आहे, सप्टेंबरातली मोठी भरती. तिच्या आधी झालं पाहिजे. कड्याला वरून भेग पडली आहे, आपल्या कबरीच्या अलीकडे. रोज जाऊन बघते. जॅनिसबाईंनी दोरी बांधली आहे आणि मी रोज ती ओलांडते. त्या ओरडतात, मी बहिरी होते.

तू विचारलंस, बाबा शेवटी तुझ्याबद्दल काही बोलले का. नाही. खोटं कशाला सांगू. तू गेलास त्या दिवसापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, सुनावणीचं नाही, घराचं नाही. पण रात्रीच्या बातम्यांनंतर हवामान लागायचं ना, तेव्हा ते हात वर करायचे, सगळ्यांनी गप्प बसायचं. आपल्या किनाऱ्याचं सांगून झालं तरी हात खाली यायचा नाही. मध्य इंग्लंडचं सांगून झालं की मग यायचा. "तिकडे बर्फ पडणार म्हणतात," असं म्हणून झोपायला जायचे. सगळी वर्षं हेच. मी एकदा विचारलं, तिकडच्या बर्फाचं तुम्हाला काय हो? म्हणाले, "छपरावर भार येतो." शाकारणारा माणूस, त्याला छपराचीच काळजी, असं मला तेव्हा वाटलं. तू तिकडे आहेस हे त्यांना कुठून कळलं, देव जाणे. तुझं छप्पर कौलाचं आहे का?

हे तुला आधीच लिहायला हवं होतं असं वाटेल. पण मार्चमध्ये तू वाचलं नसतंस.

तुझी,
थेल्मा


५ सप्टेंबर

प्रिय नेव्हिल,

आता मी जे सांगते त्यावर तू चिडणार. चीड.

सगळी भोकं रिकामी झाली, एक सोडून. ते एक आपल्या कबरीच्या बरोबर खाली आहे. कुणीतरी उशिरा संसार मांडलेली जोडी. काल सकाळी किनाऱ्यावरून पाहिलं तर मादी चोचीत चारा घेऊन आत गेली आणि आतून कलकलाट आला.

हे फक्त मी पाहिलं. इमोजेन माझ्या शब्दावर चालते. मी "रिकामं" म्हटलं असतं तर सोमवारी काम झालं असतं. बटाटे सोलताना मी वाक्य घोकत होते, "सगळी गेली गं, पाठव त्यांना." डॉरीनला म्हणूनसुद्धा दाखवलं. ती म्हणाली, छान जमलंय, अजिबात खोटं वाटत नाही.

फोन लावला. इमोजेन म्हणाली, "थेल्मा, शेवटची कधी पाहिलीस?" आणि मी म्हटलं, "आज सकाळी. चर्चखाली. पिल्लं आहेत."

बाबा आठवले म्हणून नव्हे. त्या वेळी मला बाबा आठवले नाहीत, आईसुद्धा आठवली नाही. तो कलकलाट कानात होता आणि दुसरं काही तोंडातून निघेना, एवढंच. इमोजेननं दिवस मोजले. मग म्हणाली, "आठवडाभरात उडतील. उडाली त्याच दिवशी मला सांग." खोदणारा गाडी तयार ठेवणार आहे.

संध्याकाळी लेनला कळलं. दुकानातून धावत बाहेर आला, हाताला पीठ तसंच. "अगं बये, चार पिसांसाठी आईबापाला समुद्रात लोटतेस? जन्मभर तुझ्या आईनं पाण्याला पाय लावला नाही!" मी तशीच घरची वाट धरली. तूही हेच ओरडशील, म्हणून फोन करू नकोस. लिही.

थेल्मा


१६ सप्टेंबर

नेव्हिल,

फोनवर मला नीट बोलता आलं नाही. आता सगळं क्रमानं लिहिते.

पिल्लं शनिवारी उडाली. मी लगेच इमोजेनला कळवलं. सोमवारी सकाळी खोदायचं ठरलं. रविवारी ईशान्येचा वारा सुटला आणि दुपारच्या भरतीला समुद्र कड्याच्या पायाशी आला. प्रार्थना संपवून आम्ही सगळे दोरीमागे उभे होतो. जॅनिसबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. मी आत धावेन अशी त्यांना भीती होती, आणि ती खरी होती.

आवाज फार झाला नाही. भेग रुंदावली आणि तिच्या पलीकडचं गवत खाली बसत गेलं. कडा सरळ कापल्यासारखा पडत नाही, तिरका घसरतो, वरचं जास्त जातं आणि खोलवरचं राहतं. दगड गेला. मग बाबांची पेटी दिसली. पूर्ण दिसली, नेव्हिल. वाळूबरोबर ती पायाकडून घसरली आणि उताराच्या मध्यावर थोडी थांबली. मला वाटलं, राहील. मग खालची वाळूही निघाली.

लेन जिना उतरून किनाऱ्यावर गेला. आम्ही वरून ओरडत होतो, तो ऐकेना. कमरेएवढ्या पाण्यात शिरला, दोनदा लाटेनं आडवा केला, परत उठला. रिकाम्या हातांनी वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "विल्फ हाताला लागला नाही गं." आणि पोरासारखा रडायला लागला. इतकी वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

आई राहिली. तिच्यावर हातभर वाळू शिल्लक होती. काल माणसं आली आणि दोऱ्या लावून तिला वर घेतलं. त्यांना वर काहीच उचलावं लागलं नाही. तिला नव्या पेटीत ठेवलं आहे, चर्चच्या आत, कोरड्या जागेत. पुढच्या शनिवारी माती द्यायची.

मी तुला दोष देत नाही, असं लिहिणार होते. देते. वेळेवर सही आली असती तर दोघं वाचले असते. मी त्या दिवशी एक शब्द वेगळा बोलले असते तरी दोघं वाचले असते. दोष मी सारखा वाटून घेतला आहे, तुला जास्त वाढलेला नाही. आता एकट्यानं खाऊ नकोस. ये.

थेल्मा


६ ऑक्टोबर

प्रिय नेव्हिल,

पोचल्याचा फोन आला, बरं वाटलं. आपलं घर गेल्याचं तुझ्यापासून लपवलं म्हणून रागावलास ते योग्यच होतं. डॉरीनचा गुडघा ठणठणीत आहे. मेमध्ये कड्यामुळं स्वयंपाकघराला तडा गेला आणि जूनमध्ये सरकारी माणसांनी घर पाडलं. तुला लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, "आता कळलं का?" आणि मला ते सोसलं नसतं. तू आलास तेव्हा त्या मोकळ्या जागेकडे पाहून म्हणालास, "चुलीजवळची ऊब चांगली होती." त्यापेक्षा चांगलं कुणी काही बोललं नाही.

आता एक गोष्ट, जी तू इथं असताना मी बोलले नाही.

शुक्रवारी दफनभूमीत खोदणाऱ्यानं विचारलं, "एकेरी की दुहेरी?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "दुहेरी." मला वाटलं, माझ्यासाठी. बिनलग्नाची बहीण, तिला कुठंतरी जागा हवी, भावानं विचार केला. मला ते गोडच वाटलं, म्हणून गप्प राहिले.

शनिवारी आईला माती दिली. रविवारी सकाळी तू म्हणालास, गाडीत पेट्रोल भरून येतो. मी डॉरीनच्या माडीवर अंथरुणं काढत होते. तिथून किनारा दिसतो. ओहोटी होती. तू चांगला कोट घालून पाण्याच्या कडेनं चालत होतास, हातात काठी. शेवाळाचा प्रत्येक ढीग उलथत होतास, वाकून बघत होतास, परत चालत होतास. तुझा बंगला होता तिथून निघून पार नदीच्या तोंडापर्यंत गेलास आणि तसाच परत आलास. तेव्हा मला कळलं वरची जागा कुणासाठी ठेवली आहेस ते.

खाली आलास तेव्हा बूट ओले होते. म्हणालास, पंपावर गर्दी होती. मी म्हटलं, असेल. चहा दिला.

मी रोज जाते, नेव्हिल. लेनही जातो, दुकान उघडायच्या आधी, उत्तरेच्या बाजूनं. अजून काही मिळालं नाही. पुढच्या रविवारी ओहोटी सकाळी आहे आणि वारा जमिनीकडून आहे, म्हणजे वाळू बरीच उघडी पडेल. यायचं असेल तर पेट्रोलचं नाव सांगू नकोस. मला उठव, आपण दोघं जाऊ. जाड मोजे आण.

तुझी,
थेल्मा